हळू चालणारी पेट्टी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम कन्सोल आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी एका भल्या घराला फसवत आलो. मुद्दाम नाही हो, शपथेवर सांगतो! मी फसवतोय हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण फसवणूक ती फसवणूकच, म्हणून आज सगळं सांगून मोकळा होतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. काळं चकचकीत अंग, पाठीवर कॅसेट खोचायची फट, पुढे दोन कंट्रोलर जोडायच्या जागा. त्या दिवशी माझे शेकडो भाऊ एकाच पट्ट्यावरून सरकत होते. शेवटी एका बाईंनी आम्हाला उलटं करून पोटावर एकेक चिठ्ठी चिकटवली. कोण कुठल्या देशांत विकला जाणार, ते त्या चिठ्ठीवर होतं. माझ्या मागच्या भावाची चिठ्ठी वेगळी होती. मला वाटलं, नुसता पत्ता वेगळा असेल.

मी सिंगापूरच्या दुकानात पोहोचलो आणि तिथून एका जहाजावरच्या काकांच्या बॅगेत बसून चेन्नईला आलो. काकांनी मला वेस्ट मांबलममध्ये भावाच्या घरी दिलं. हे तंजावरकडचं मराठी कुटुंब. घरात मराठी, दारात तमिळ आणि शाळेत इंग्रजी. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी पेट्टी ठेवलं. तमिळमध्ये पेटीला पेट्टी म्हणतात. एवढा रुबाबदार कन्सोल आणि नाव पेट्टी! पहिला आठवडाभर मी मनातून रुसलो होतो.

त्या घरातली दहा वर्षांची विजयलक्ष्मी माझी खरी मालकीण झाली. माझ्याबरोबर एकच कॅसेट आली होती, दोघांच्या मारामारीच्या खेळाची. पडद्यावर समोरासमोर दोन लढवय्ये, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या आणि मधोमध नव्याण्णवपासून उलटं मोजणारं घड्याळ. विजयलक्ष्मी नेहमी लाल पट्टा बांधलेला गडी घ्यायची. त्याच्याकडून ती चार मार असे सलग काढायची की समोरच्याला हात उचलायला फुरसत मिळत नसे. दोन ठोसे, एक लाथ आणि शेवटी उडी मारून कोपर. प्रत्येक बटण नेमक्या क्षणी दाबावं लागे. तिचा थोरला भाऊ हरला, गल्लीतली मुलं हरली, सुट्टीला आलेली मामेभावंडं रडत परत गेली. पुढे कॉलेजात गेल्यावरही ओळखीचे लोक तिला विचारायचे, 'अजून हरली नाहीस ना कोणाकडून?' ती हसून मान हलवायची. मित्रांनो, त्या मान हलवण्यात माझाही वाटा आहे असं मला वाटे.

मग तिला नोकरी लागली. ती शाळेत गणित शिकवू लागली, लग्न झालं, घरात नवा टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. माळ्यावर मी जवळजवळ वीस वर्षं काढली. तिथं वर्षातून एकच दिवस भीतीचा असे, तो भोगीचा. पोंगलच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जुन्या वस्तू बाहेर काढतात. दर भोगीला कोणीतरी स्टुलावर चढायचं, माझ्या खोक्याला हात लावायचं आणि खालून विजयलक्ष्मीचा आवाज यायचा, "ती पेट्टी असूं दे की!" मी पुन्हा वर्षभर निर्धास्त.

गेल्या वर्षी मात्र तिनेच मला खाली काढलं. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या कौशिकने मोबाइलवर एक विचारणा फिरवली होती. कौशिक मूळचा अकोल्याचा, चेन्नईत येऊन सहा वर्षं झालेला. त्याला जुन्या मारामारीच्या खेळांची स्पर्धा भरवायची होती. खेळाडू बत्तीस, जुन्या जाड काचेचे टीव्ही चार आणि एकाच जातीचे कन्सोल चार. तीन त्याच्याकडे होते. चौथा मिळत नव्हता, आणि तो हुबेहूब माझ्यासारखाच हवा होता.

कौशिक घरी आला तेव्हा विजयलक्ष्मी दारातच म्हणाली, "तुम्ही मराठी की? या, बसा. कॉफी घेतां की?"

"ताई, तुमची मराठी ऐकायला फार गोड आहे," तो म्हणाला.

"आमची मराठी तीनशे वर्षांची जुनी आहे. तुमची काल आलेली," ती म्हणाली, आणि दोघं हसले.

त्याने मला उलटसुलट करून पाहिलं. माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. त्याने माझी इतकी तारीफ केली की माझा दिवा पेटायच्या आधीच मी गरम झालो. विजयलक्ष्मी गणिताची शिक्षिका आणि तोलून बोलणारी, म्हणून त्याने तिला नियम ठरवणाऱ्या समितीतही घेतलं. समिती तिघांची. तिसरे शेषाद्री राव, तेही तंजावरकडचेच. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप होतं. वय सत्तर, चष्मा जाड आणि हात मात्र स्थिर.

समितीचं काम सोपं नव्हतं. नवे पातळ टीव्ही त्यांनी पहिल्याच बैठकीत बाद केले, कारण त्यांच्यावर बटण दाबल्यानंतर चित्र किंचित उशिरा हलतं. मग कंट्रोलर. बिनवायरचे नकोत, कारण शेजारी शेजारी आठ जण खेळताना एकाचा इशारा दुसऱ्याच्या यंत्रात शिरला तर भांडणं होतील. एकदा दाबून धरलं की आपोआप दहा वेळा मारणारं बटण ज्यांच्यावर आहे, तेही नकोत. वायरचे, मूळ कंपनीचे आणि सहा बटणांचे कंट्रोलर तेवढे राहिले. माझे स्वतःचे दोन्ही कंट्रोलर तीन बटणांचे होते. त्यातल्या एकावर लहानग्या विजयलक्ष्मीच्या दातांच्या खुणा होत्या. ते दोघे परत घरी गेले. मला फार वाईट वाटलं, पण नियम सर्वांना सारखा, अशी मी मनाची समजूत घातली. तेव्हा मला काय ठाऊक की आता माझीच पाळी आहे!

एका शनिवारी तिघं शेषाद्रींच्या वर्कशॉपमध्ये जमले. चार टीव्ही, चार कन्सोल. कौशिक म्हणाला, "ताई, तुमच्या कन्सोलवर एक डाव होऊन जाऊ दे." विजयलक्ष्मीने कित्येक वर्षांनी हातात कंट्रोलर घेतला आणि कौशिकला सलग पाच डाव हरवलं. बिचारा पुन्हा पुन्हा आपल्या बोटांकडे बघत होता. "मी बरोबर दाबतोय, पण सगळं लवकर पडतंय," असं काहीतरी पुटपुटत होता.

मग ते शेजारच्या कन्सोलवर बसले, आणि तिथं विजयलक्ष्मीचा एकही डाव लागेना. तिची ती चार मारांची मालिका दुसऱ्याच ठोशाला तुटायची. तिने कंट्रोलर बदलला. खुर्ची बदलली. चष्मा पुसला. शेवटी म्हणाली, "ह्या पेट्टीला काहींतरी झालें आहे."

शेषाद्री इतका वेळ स्टुलावर बसून कॉफी पीत होते. ते उठले. त्यांनी मला आणि त्या दुसऱ्या कन्सोलला शेजारी शेजारी ठेवलं, दोन्हींत तोच खेळ लावला आणि म्हणाले, "कोणी कंट्रोलर शिवूं नका. नुसतें घड्याळ बघा." त्यांनी दोन्ही खेळ एकाच क्षणी सुरू केले.

पडद्यांवरचे लढवय्ये नुसते डुलत उभे. घड्याळं नव्याण्णवपासून खाली येऊ लागली. सुरुवातीला काही कळलं नाही. मग माझं घड्याळ एकाने मागे पडलं, मग दोनांनी, मग पाचांनी. शेजारच्याचं शून्य झालं तेव्हा माझ्या पडद्यावर सतरा उरले होते. मित्रांनो, ते सतरा आकडे मोजून संपेपर्यंत तिघंही माझ्याकडेच बघत होते. एवढी लाज मला माळ्यावरच्या झुरळांसमोरही कधी वाटली नव्हती.

शेषाद्रींनी मला उलटं केलं आणि पोटावरची चिठ्ठी वाचली. मग त्यांनी उलगडून सांगितलं. पूर्वी वेगवेगळ्या देशांतल्या टीव्हींची चाल वेगवेगळी होती. काही देशांत पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदले, काही देशांत पन्नास वेळा. सिंगापूरचे आणि भारताचे टीव्ही पन्नासवाले, म्हणून मीही पन्नासवाला. पण खेळ बनवणाऱ्यांनी खेळ साठच्या हिशेबाने बनवला होता. माझ्यावर तो सुरुवातीपासून हळू चालत आला. कौशिकचे तिन्ही कन्सोल साठवाले होते, आणि त्याने जमवलेले टीव्ही दोन्ही चाली दाखवू शकणारे.

विजयलक्ष्मीने ती चिठ्ठी स्वतः एकदा वाचून पाहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे इत्के दिवस मी खरी कधी जिंकलेंच नाही की काय?"

मला त्या क्षणी पुन्हा माळ्यावर जावंसं वाटलं. पण शेषाद्री म्हणाले, "अय्यो, असें कसें? तुझ्यासमोर बसलेला पण त्याच पेट्टीवर खेळत होता ना? दोघांना एकच चाल. तुझी जीत खरीच."

आता प्रश्न असा आला की स्पर्धेचा कन्सोल कुठला धरायचा? शेषाद्रींचं मत माझ्या बाजूने पडलं. कौशिकला सापडले नसले तरी आपल्या शहरात मिळतील ते पन्नासवालेच, जुन्या गिऱ्हाइकांकडेच सहासात आहेत, म्हणजे कुठल्याच कन्सोलची कापाकापी करायला नको. कौशिकचं मत साठला. आजची मुलं हे खेळ संगणकावर शिकली आहेत आणि तिथं चाल साठचीच असते. एक मत इकडे, एक तिकडे. दोघांनी विजयलक्ष्मीकडे पाहिलं.

ती काय गमावणार होती, ते मला पुरतं ठाऊक होतं. पन्नास म्हटलं की स्पर्धा तिच्या खिशात. साठ म्हटलं की तिच्या बोटांना लहानपणापासून जे येत होतं ते निकामी, आणि स्पर्धेला उरले होते फक्त सहा आठवडे. तिने स्वतःचंही नाव खेळाडूंत दिलेलं होतं. मी मनात म्हणत होतो, पन्नास म्हण, पन्नास म्हण. स्वार्थ माझाही होताच ना!

ती म्हणाली, "मी शाळेंत परीक्षा घेत्यें. माझ्या घरचें घड्याळ हळू चालतें म्हणून सगळ्या वर्गाने त्या घड्याळावर पेपर लिहायचा की? नक्को. साठ."

"सरि, बरें," शेषाद्री म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि ही?"

"हिला पण साठ करा. होतें की नाही?"

"होतें. पण आंत कापावें लागेल."

विजयलक्ष्मीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली.

माझं झाकण कारखान्यानंतर पहिल्यांदाच उघडलं. आत इतकी धूळ होती की मला शरमल्यासारखं झालं. शेषाद्रींनी मऊ ब्रशने ती झाडली, भिंगातून पाहून तांब्याची एक बारीक रेघ कापली, दोन तारा डाख देऊन जोडल्या आणि माझ्या कुशीत भोक पाडून एक छोटा खटका बसवला. खटका खाली केला की पन्नास, वर केला की साठ. दुखलं का, असं विचाराल तर हो, थोडं दुखलं. पण शेषाद्रींचा हात हलका होता.

मग त्यांनी मला टीव्हीला जोडलं आणि खटका वर केला. मित्रांनो, माझ्या चित्राच्या वर आणि खाली पहिल्यापासून दोन काळ्या पट्ट्या असत. सगळ्यांना वाटे, असंच असतं. त्या पट्ट्या नाहीशा झाल्या. चित्र पडदाभर पसरलं. ज्यांना मी इतकी वर्षं बुटकं दाखवलं, ते लढवय्ये ताठ उंच उभे राहिले. खेळाच्या सुरुवातीचं संगीत वाजू लागलं तेव्हा विजयलक्ष्मीने तोंडावर हात ठेवला. "हें गाणें असें आहे?" ती म्हणाली. "आम्हाला हें सावकाश गाणें वाटायचें." आणि ती डोळे पुसत हसायला लागली. मलाही फार आनंद झाला, कारण ते गाणं मीही पहिल्यांदाच नीट ऐकत होतो.

पण आनंदाने बोटं चपळ होत नाहीत. पहिला आठवडा वाईट गेला. कौशिकने एक जुना टीव्ही घरी आणून दिला होता; शाळेतून आली की पाच ते साडेसहा ती माझ्यासमोर बसे आणि दर वेळी दुसऱ्या ठोशाला अडके. एकदा तिने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी तिने तो बाजूला ठेवला आणि नुसती मांडीवर ताल देत बसली. लहानपणी ती कर्नाटक संगीत शिकली होती. तिच्या बाई एकच ओळ आधी सावकाश आणि मग चढत्या वेगाने म्हणून घेत. तिने तसंच केलं. 'तकधिमि तकजणु' असं तोंडाने म्हणत, मोबाइलवरच्या ठोक्याबरोबर ती नुसतीच बोटं चालवायची. रोज ठोका किंचित पुढे. तिसऱ्या आठवड्यात ती तिसऱ्या मारापर्यंत पोहोचली. पाचव्यात एका संध्याकाळी लाल पट्ट्याच्या गड्याने उडी मारली आणि कोपर लागलं. तिने आनंदाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या मामी काय झालं ते बघायला आल्या.

स्पर्धा वेस्ट मांबलममधल्या एका लहानशा कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात होती. चार टेबलांवर आम्ही चार कन्सोल, आणि माझ्या टेबलाचा आकडा तीन. माझ्या खटक्यावर शेषाद्रींनी काळी पट्टी चिकटवली होती, चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून. आमच्या चौघांत आता काही फरक दिसत नव्हता. शेषाद्रींनी एक नियम मात्र स्वतःच्या मनाने घातला होता. प्रत्येक टेबलावर एक कागद. सामना संपला की हरणाऱ्याने त्यावर लिहायचं की कन्सोलबद्दल, टीव्हीबद्दल, कंट्रोलरबद्दल काही तक्रार आहे का. जिंकणाऱ्याला विचारायचंच नाही. शेषाद्री म्हणत, जिंकलेल्याला पेट्टी नेहमीच चांगली वाटते.

मला त्या कागदाची फार धास्ती होती. चार जणांत पोट उघडलेला मी एकटाच. पहिला मुलगा हरला आणि त्याने पेन उचललं तेव्हा माझा दिवा थरथरला असेल. त्याने लिहिलं, खुर्ची बुटकी आहे. दुसऱ्याने तमिळमध्ये 'नाही' लिहिलं. तिसऱ्या मुलीने रडवेला चेहरा काढला आणि त्याखाली इंग्रजीत, कन्सोल चांगला आहे. दुपारपर्यंत माझ्या कागदावर एकही तक्रार नव्हती.

विजयलक्ष्मी पहिल्या टेबलावर एक सामना जिंकली आणि चौथ्यावर दुसरा. तिथून आरडाओरडा ऐकू येई आणि मी कान टवकारून बसे. तिसऱ्या फेरीला ती माझ्या टेबलावर आली. समोर कोइंबतूरहून आलेली श्रीनिधी, वीस वर्षांची, विजेसारखी बोटं. तीन डावांचा सामना. पहिला श्रीनिधीने घेतला. दुसऱ्या डावात विजयलक्ष्मीने चारही मार लागोपाठ मारले, साठच्या चालीवर, सगळ्या मंडपासमोर. लोक उभे राहिले. कौशिक पंच होता, तरी त्याने टाळी वाजवलीच.

तिसऱ्या डावात दोघींच्या ताकदीच्या पट्ट्या जवळजवळ सारख्या उरल्या. घड्याळ नऊवर आलं. विजयलक्ष्मीने पुन्हा तीच मालिका सुरू केली. ठोसा, ठोसा, लाथ, आणि उडीला तिचं बोट केसभर उशिरा पडलं. श्रीनिधीने तेवढ्यात खालून फटका दिला आणि सामना संपला.

कौशिकने कागद तिच्यापुढे सरकवला. मंडपात गडबड होती, पण मला फक्त ती दिसत होती. माझ्या कुशीतला खटका तिला ठाऊक होता. केसभर उशीर माझ्यामुळे झाला, असं तिने लिहिलं असतं तर कोणी तिला खोटं ठरवलं नसतं. इतकी वर्षं मी तिला फसवलं होतं, तेव्हा माझ्यावर संशय घ्यायचा तिचा हक्कच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि दोन ओळी लिहिल्या.

कौशिकने कागद उचलला आणि गोंधळला. लिपी तमिळ होती. तंजावरकडची ही माणसं मराठी पुष्कळदा तमिळ अक्षरांत लिहितात. त्याने कागद शेषाद्रींना दिला आणि त्यांनी मोठ्याने वाचलं.

"तक्रार नाही. बोट माझेंच चुकलें."

मग ती उठली आणि श्रीनिधीला तमिळमध्ये विचारू लागली की तो खालचा फटका कसा मारतात. श्रीनिधी लगेच शेजारी बसली, तिच्या अंगठ्याखाली कंट्रोलर नीट धरून दाखवू लागली आणि म्हणाली, "आंटी, पुन्हा करा, जवळजवळ आलंय." पुढच्या सामन्याचे खेळाडू येऊन उभे राहिले तरी दोघी उठेनात. शेवटी कौशिकला त्यांना हाकलावं लागलं.

आता दर शनिवारी आम्ही चारही कन्सोल शेषाद्रींच्या वर्कशॉपमध्ये जमतो आणि कोणीही येऊन शिकतं. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर ते फेकण्याआधी एकदा जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. त्याची धूळ झाडा, वायर गुंडाळताना पिरगळू नका. आणि तुमचं बोट चुकलं असेल तर तसं सांगा. आम्ही यंत्रं कोणाची क्षमा मागू शकत नाही की कोणाचे आभार मानू शकत नाही. पण त्या दिवशी तो कागद वाचला गेला, तेव्हा मला दोन्ही एकदम करावंसं वाटलं होतं.